मागची गाडी

माझी भाची लोकांना गाडी चालवायला शिकवते आणि मी तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी आहे. वयानेही जुनी आणि मुक्कामानेही. माझ्यामागून आलेल्या कितीतरी पोरी परवाना घेऊन, आभार मानून, भुर्रकन निघून गेल्या. मी अजून क्लच आणि गिअर यांच्यात समेट घडवून आणते आहे. मी परीक्षेत नापास होऊन आले की माझा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप, पेपर खाली न करता म्हणतो, "चला, गावावरचं संकट सहा महिने पुढे गेलं." दादा जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालाय. वर्गातल्या मुलांना हसणं भागच होतं, त्यामुळे आपण विनोदी आहोत असा त्याचा पक्का समज झालेला आहे.

शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शेजारी बसलेल्या माझ्या भाचीच्या पायाखाली. माझ्यासारख्या बायका आजवर जिवंत आहेत त्या या दुसऱ्या ब्रेकमुळे. गाडीत बसली की ती माझी भाची राहत नाही. लहानपणी जिची मी वेणी घालायचे तीच मुलगी मला सांगते, "आत्या, आरसा. आत्या, इंडिकेटर. आत्या, तो खांब आहे, तो बाजूला होणार नाही." आवाज मात्र कधी चढत नाही. ज्या बाईला आयुष्यभर नवऱ्याने, सासऱ्याने, दिराने सांगितलं की हे तुझं काम नव्हे, तीसुद्धा हिच्या शेजारी बसून चौथ्या गिअरपर्यंत जाते. मी हे कौतुक तिच्या तोंडावर करत नाही. डोक्यावर बसेल.

तर या गाडीत एके दिवशी शेपूट शिकायला आला. त्याचं खरं नाव कागदोपत्री आहे, ते तिथेच राहू दे. विमा कंपनीत कामाला होता. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, बोलण्यात कायम "मॅडम, मॅडम". लिफ्टमध्ये आपण ज्याला आधी जा म्हणतो तसला माणूस. पहिल्याच फटक्यात तो परीक्षा पास झाला, आणि खरं सांगते, मला त्याचा राग आला तो तेव्हापासून. बाकीची कारणं नंतर मिळाली.

पास झाल्यावर माणूस शिकवणीला येत नाही, ही साधी गोष्ट. हा आला. म्हणाला, अजून सराव हवा. भाची म्हणाली, गरज नाही, छान चालवता तुम्ही. त्या "छान"चं त्याने काय केलं कोण जाणे. आधी फोन सुरू झाले. मग त्याने करड्या रंगाची गाडी घेतली आणि ती आमच्या आरशात दिसू लागली. पहिल्यांदा दिसला तेव्हा भाचीने चक्क हात केला, जुना विद्यार्थी म्हणून. दुसऱ्या दिवशीही दिसला. मग रोजच.

नंतर काचेवर चिठ्ठ्या यायला लागल्या. "काल थकलेल्या दिसलात. वेळेवर जेवत जा." माझी वहिनी ती चिठ्ठी वाचून म्हणाली, "काळजी तर करतोय बिचारा. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत विचारलं नाही." पुढच्या आठवड्यातली चिठ्ठी होती, "खोलीचा पडदा बदललात वाटतं. जुना बरा होता." भाचीची खोली मागच्या बाजूला आहे. तिथून रस्ता दिसत नाही, फक्त शेजारच्या इमारतीचा जिना दिसतो. ती चिठ्ठी वाचल्यावर वहिनी मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून "बिचारा" हा शब्द पुन्हा निघाला नाही.

भाचीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. रस्त्यात, दिवसाढवळ्या, माझ्यासमोर. "माझ्यामागे येऊ नका. फोन करू नका. मला हे नको आहे." इतकं सरळ बोलणं आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही. तो हसला. म्हणाला, "रस्ता तर सगळ्यांचा असतो, मॅडम. तुम्हीच शिकवलंत." आणि गाडीत बसून, पट्टा लावून, आरसा नीट करून, आमच्यामागे निघाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आज मी याला चकवते. तू फक्त बस."

आता मी चकवणार म्हणजे काय, ताशी पंचवीसच्या वेगाने. तरी मी दोन गल्ल्या मनात ठरवल्या. पहिल्या वळणाशी आलो आणि शेजारून आवाज आला, "आत्या, इंडिकेटर."

"अगं, इंडिकेटर दिला तर त्याला कळेल ना कुठे वळतोय ते!"

"इंडिकेटर त्यासाठीच असतो."

"पण मागे तो आहे!"

"मागे जो असेल त्याला कळायला हवं." असं म्हणून तिने स्वतःच हात लांब करून दांडी खाली केली. टिकटिक सुरू. मागे त्याचीही टिकटिक सुरू. पुढे दिवा पिवळा झाला. मी म्हटलं सुटते, तर हिने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. आम्ही थांबलो, तोही थांबला, मध्ये ठरलेलं अंतर ठेवून. जगात इतका नियमबद्ध पाठलाग कोणी पाहिला नसेल. मी हसत सुटले, आणि मग तिच्याकडे बघितलं. तिचा हात दांडीवरून निघत नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

"मी एकटी असते तरी इंडिकेटर देते गं आत्या," ती म्हणाली. "घरी जातानाही देते. मला येतच नाही त्याच्याशिवाय वळता. त्याला माहीत आहे."

त्या दिवसापासून मला या प्रकाराचं हसू येईनासं झालं. माणसाचे चांगले गुण धरून त्याच्यामागे लागायचं, याला काय म्हणायचं?

दादाचं मत पडलं की दुर्लक्ष करावं. दुर्लक्ष करून महिना गेला. मग त्याचं मत पडलं की समजावून सांगावं. दादाचा समजावण्यावर फार विश्वास. वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ मुलाला त्याने त्रिकोण गळी उतरवले होते, मग हा तर शिकलेला माणूस. मी म्हटलं, "दादा, तो मठ्ठ नाही. तिथेच घोळ आहे." पण मोठ्या भावाने धाकट्या बहिणीचं ऐकलं असं आमच्या खानदानात घडलेलं नाही. भाची कामावर असताना त्याने शेपटाला घरी बोलावलं. चांगल्या कपांत चहा दिला. तासभर मर्यादा, प्रतिष्ठा, स्त्रीचा सन्मान यांवर बोलला. शेपूट मान डोलावत राहिला. जाताना पाया पडायचाच काय तो राहिला. दादा विजयी मुद्रेने म्हणाला, "समजलं त्याला."

दुसऱ्या दिवशी काचेवर चिठ्ठी होती: "बाबांशी भेट झाली. फार बरं वाटलं. भिंतीवरचा तुमचा शाळेतला फोटो गोड आहे."

भाचीने ती चिठ्ठी बापाच्या हातात दिली आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दादाने तो फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला आणि रात्री जेवला नाही. मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते, पण त्याचं तोंड बघून मला धीर झाला नाही.

इकडे शिकवणीच्या मालकांनी हात टेकले. विद्यार्थिनी कमी होत होत्या. शिकताना मागे सतत कोणीतरी बघतंय म्हटल्यावर कोणाला गाडी जमणार? मालक माणूस वाईट नाही, भित्रा आहे. म्हणाले, "मॅडम, असं करू. तुम्ही काही दिवस ऑफिसात बसा. फोन घ्या, वेळा लावून द्या. गाडीवर दुसऱ्या कोणाला पाठवतो."

म्हणजे पाठलाग तो करणार आणि गाडीतून उतरायचं हिने. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला गाडीत बसायचंय," ती म्हणाली. "मला टेबलावर बसायचं नाही. मी चांगलं शिकवते. मला माझी गाडी हवीय." लहानपणी खेळणं हिसकावल्यावर रडायची तशी ती रडली. मालकांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला होता.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या पोलीसबाईंनी तक्रार नीट लिहून घेतली आणि म्हणाल्या, "मी त्याला बोलावून तंबी देते. पण असली माणसं तंबीने हलत नाहीत. न्यायालयातून आदेश घ्या, याने तुमच्या जवळपास फिरकायचं नाही म्हणून. एकदा आदेश हातात आला की मग मला त्याचं मनगट धरता येतं." त्यांनीच एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाई बोलताना पेनाचं टोपण चावत. भाचीने मोबाइलवर फोटो दाखवले: आरशात करडी गाडी, सिग्नलला करडी गाडी, पुन्हा आरशात करडी गाडी. त्यांनी ते सगळे बघितले आणि फोन परत दिला.

"चिठ्ठ्या कामाला येतील," त्या म्हणाल्या. "पण त्यावर सही नाही, तो म्हणेल माझ्या नाहीत. आणि या फोटोत काय आहे? तुमच्यामागे एक गाडी. माझ्यामागेही रोज असते. त्याचा वकील म्हणणार, माणूस आपल्या कामाला चालला होता, रस्ता एकच आहे. बरं, तुमचा रोजचा रस्ता कुठला? कुठून कुठे जाता?"

भाची गोंधळली. "कुठेच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही कुठे जातच नाही. शिकवतो. सर्कलला फेऱ्या मारतो. चढावर जाऊन थांबतो, पुन्हा खाली येतो. जुन्या गोदामामागे बंद गल्ली आहे, तिच्यात शिरून गाडी उलटी फिरवायला शिकवतो. मग पुन्हा सर्कल."

टोपण तोंडातून बाहेर आलं. "आणि तो?"

"तोही."

"बंद गल्लीत?"

"शेवटपर्यंत. मग आम्हाला बाहेर निघायला जागा लागते, म्हणून तो आधी मागे मागे जातो. सरळ रेषेत, कुठे न घासता." आणि मग ती पुटपुटली, "मीच शिकवलंय त्याला." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि लिहायला घेतलं. एवढ्या भराभर लिहिणारी बाई मी पाहिली नव्हती.

सुनावणीच्या दिवशी मला साक्षीला उभं केलं. न्यायाधीशांना सर्दी झाली होती, ते रुमालाआडून ऐकत होते. शेपूट इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला होता, निकाल आपल्याच बाजूने लागणार असल्यासारखा. त्याचे वकील मला म्हणाले, "आजी, तुम्ही बरीच वर्षं गाडी शिकताय ना? अजून जमत नाही?"

"नाही जमत."

"मग आरशात कोणती गाडी दिसते, कोणाची दिसते, हे तुम्हाला कसं जमतं?"

"अहो, कारण ती जातच नाही ना!" मी म्हटलं. "एक दिवस मी सर्कलमध्ये शिरले आणि मला बाहेर पडता येईना. प्रत्येक वेळी बाजूला कोणीतरी यायचं, मी घाबरायचे आणि पुन्हा फेरी. किती मारल्या ते विचारू नका, मोजायला शुद्ध कुठे होती? कडेचा केळीवाला शेवटी माझ्याकडे बघून हात हलवायला लागला. सगळ्या गाड्या आल्या आणि गेल्या. एक मात्र माझ्यामागे गोल गोल फिरत होती. मला बाहेर पडता येत नव्हतं म्हणून मी फिरत होते. याला काय झालं होतं?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. दादा असणार. न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला आणि शेपटाला विचारलं, "कुठे चालला होतात?"

"ऑफिसला, सर."

"आणि बंद गल्लीत?"

बंद गल्लीचा विषय टाळून तो शांतपणे म्हणाला, "सर, मी नकोसा असतो तर त्यांच्या वडिलांनी मला घरी बोलावलं नसतं. चहा पाजला. तासभर गप्पा मारल्या. विचारा त्यांना."

वकीलबाईंनी मागे वळून बघितलं. दादा उभा राहिला. आवाज खणखणीत असलेला माणूस, पण त्या दिवशी पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. न्यायाधीशांनी मोठ्याने बोला म्हणून सांगितलं.

"बोलावलं होतं," दादा म्हणाला. "मी मास्तर आहे. मला वाटलं, नीट समजावलं की कोणालाही समजतं. पण माझ्या मुलीने याला आधीच सांगितलं होतं. नको म्हणाली होती. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मी तेच पुन्हा समजवायला बसलो, म्हणजे तिचं नको पुरेसं नाही, पुढची बोलणी माझ्याशी कर, असं मीच याला सांगितल्यासारखं झालं. ही माझी घोडचूक. तिने नको म्हटलं तिथेच ते संपलं होतं. माझ्या चहाने ते पुन्हा सुरू होत नाही."

भाची समोर बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. मला वाटलं, उठून दादाला मिठी मारावी, पण न्यायालयात चालतं की नाही ते माहीत नव्हतं.

आदेश झाला. त्याने तिच्या घराजवळ, शिकवणीजवळ, गाडीजवळ यायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, कोणामार्फत निरोप नाही. सगळं वाचून झाल्यावर भाचीने हात वर केला, वर्गात करतात तसा. "साहेब, समजा रस्त्यात चुकून समोर आलाच, तर मी काय करायचं? रस्ता बदलू का?"

"तुम्ही नाही," न्यायाधीश म्हणाले आणि शिंकले. "रस्ता त्याने बदलायचा."

पोलीसबाईंनी बजावलं होतं की आदेश म्हणजे भिंत नव्हे, दिसला की लगेच फोन करायचा. आठवड्यातच तो चढाच्या टोकाला गाडी लावून बसलेला दिसला. पूर्वी तिने ते गिळलं असतं. या वेळी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. पोलीसबाई आल्या, त्याला त्याच्याच गाडीतून उतरवून घेऊन गेल्या. रात्र त्याने कोठडीत काढली म्हणे. इस्त्रीचं काय झालं कळलं नाही. त्यानंतर तो दिसलेला नाही. मालकांनी ऑफिसातल्या टेबलाचा विषय पुन्हा काढला नाही.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ होती, आम्ही गोदामांच्या लांब सरळ रस्त्यावर होतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये, वहिनीच्या नव्या चपलांबद्दल काहीतरी बोलत होते. बराच वेळ शेजारून काही सूचना आली नाही. मला वाटलं, चला, आज आपलं बरं चाललंय. सहज बघितलं तर ती झोपली होती. साधी डुलकी नव्हे, गाढ. मान खिडकीला टेकलेली, तोंड जरासं उघडं. आणि पाय? पाय तिने वर सीटवर घेतले होते. तिच्या बाजूच्या ब्रेकवर कोणीच नव्हतं.

हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गेले कित्येक महिने ही मुलगी गाडीत अर्धी वळून बसायची, एक डोळा सतत मागे. घरी दार वाजलं तरी दचकायची. वहिनी सांगते, रात्री उठून पडदा धरून उभी असायची. आता तिला झोप लागली होती ती कुठे, तर मी चालवत असलेल्या गाडीत. मी थांबले तर तिला जाग येणार, आणि नाही थांबले तर काय होईल ते मी सांगायला नको. मी नाही थांबले.

एवढ्यात मागे हॉर्न वाजला. आरशात बघितलं तर पावाची गाडी, आमच्या अगदी पाठीला लागलेली. आतला माणूस हातवारे करत होता. पुन्हा हॉर्न. मी डावीकडे सरकले. तो भरकन बाजूला आला, खिडकीतून डोकं काढून ओरडला, "आजी, घरी जाऊन झोपा!" आणि धूळ उडवत पुढे निघून गेला.

"कोण होतं?" भाचीने डोळे न उघडता विचारलं.

"पाववाला."

"आपल्यामागे होता?"

"होता. त्याला पुढे जायचं होतं. गेला."

"बरं," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली. मी घट्ट चाक धरून, रामरक्षा आठवेल तेवढी म्हणत, रस्ता संपेपर्यंत गाडी चालवत राहिले.